भट्टीवाल्याची नजर आणि दोन तारा

१/ वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाइतकेच चुनाभट्ट्यांसाठीही ओळखले जाते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. आच कमी पडली, तर खड्याच्या पोटात कच्चा दगड राहतो; फार झाली, तर चुना पाण्यात लवकर फुलत नाही.

२/ ही आच मोजावी कशी? पारा ३५७ अंशांनाच उकळतो. म्हणून भट्टीवाला शतकानुशतके विस्तवाचा रंग पाहत आला: गडद लाल, केशरी, पिवळा. इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने १७८२ मध्ये मातीचे तुकडे भट्टीत किती आक्रसतात, यावरून उष्णता मोजू पाहिली. पण त्याचे आकडे फारच फुगलेले निघाले.

३/ १८२१ मध्ये बर्लिनमध्ये योहान झेबेकने दोन भिन्न धातू जोडून एक सांधा तापवला आणि जवळची चुंबकसूची हलली. त्याला ते चुंबकत्व वाटले. प्रत्यक्षात तो विद्युतप्रवाह होता.

४/ थर्मोकपलचे तत्त्व हेच. दोन भिन्न धातूंच्या तारांचा एक सांधा भट्टीत, दुसरी टोके बाहेर मापकाशी. दोन्हीकडील तापमानांत जितका फरक, त्यानुसार विद्युतदाब. म्हणून बाहेरच्या टोकाचे तापमानही ठाऊक असावे लागते. यवतमाळच्या मे महिन्यात ते शून्य धरले, तर उत्तर सुमारे ४५ अंशांनी चुकेल!

५/ १८८० च्या दशकात फ्रान्सच्या हेन्री ल शातेलिएने प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमची जोडी वापरून या तत्त्वाला भरवशाचे साधन बनवले. सिमेंट कसे घट्ट होते, याचाही तो अभ्यासक होता. भट्टीचा प्रश्न त्याला परका नव्हता.

६/ हे साधन बारीक, चिवट आणि स्वस्तही असू शकते. मुख्य म्हणजे, माणसाला धगीपासून दूर उभे राहून आकडा वाचता येतो. तो आकडा वहीत उतरतो, दुसऱ्या भट्टीला कळवता येतो.

७/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी इथेच थबकते. आकड्याला दफ्तर मिळते. नजरेला मिळत नाही. रंगावरून आच ओळखणाऱ्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच संपते. तारांनी त्याचे डोळे धगीपासून वाचवले, हे चांगलेच झाले. पण त्या डोळ्यांना काय कळत होते, हे विचारून लिहून ठेवणे यंत्राचे काम नाही. ते आपले आहे, आणि त्याला मुदत आहे.