दाब, दबाव, प्रेशर

उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायचं म्हणजे रोज तीन भाषांतून ये-जा करायची. आमच्या पुस्तकात ‘कुव्वत’ असते. शेजारच्या मराठी शाळेत तिला ‘बल’ म्हणतात. दहावीनंतर सायन्स घेतलं, की तीच ‘फोर्स’ होऊन समोर उभी राहते. कमीयत, वस्तुमान, मास. इसराअ, त्वरण, ॲक्सिलरेशन. मुलं हे शब्द पाठ करतात, व्याख्या लिहितात, गुणही मिळवतात. अकरावीत सगळे शब्द एकदम बदलतात, तेव्हा हुशार मुलीही घरी सांगतात, ‘सायन्स अपने बस का नहीं.’ खरं तर सायन्स नव्हे, शब्द हातातून सुटलेले असतात. शब्दाखाली कल्पना पक्की असती, तर नवा शब्द आठवड्याभरात रुळला असता.

‘कसाफत’ शिकवताना हे फार जाणवतं. विज्ञानात कसाफत म्हणजे घनता. एरवीच्या उर्दूत मात्र कसाफत म्हणजे मळ, गढूळपणा. एका मुलाने उत्तर लिहिलं होतं, “मीठ घातल्याने पाण्याची कसाफत वाढते, म्हणून ते पाणी पिऊ नये.” पहिलं अर्धं वाक्य अगदी बरोबर. दुसऱ्या अर्ध्यात त्याची घरची भाषा बोलत होती.

ही परिभाषा आपोआप आलेली नाही. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथे उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरलं. त्यासाठी दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतराचं खातं उभं राहिलं. विज्ञान, वैद्यक, कायदा यांचे ग्रंथ उर्दूत आले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. उर्दूच्या जाणकारांनी नवे शब्द बरेचसे अरबीतून घडवले, मराठीच्या जाणकारांनी संस्कृतातून. दोघंही आपापल्या आजोळी गेले आणि मूल मधे उभं राहिलं.

तरी काही शब्द मुळातच दोघांचे आहेत. ‘वजन’ आणि ‘हवा’ अरबीतून आले आणि मराठीच्या घरात असे राहिले, की आता त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही. ‘दाब’ आणि ‘दबाव’ तर सख्खे भाऊ. म्हणून मी आठवीच्या वर्गात सुरुवात दाबापासून करते.

दिंडोशीत दाब शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मधे चढावर चढत गेलेली वस्ती. खालच्या गल्लीत नळाला धार असते, तेव्हा वरच्या गल्लीत पाइप तोंडाने ओढावा लागतो. पाणी भरायचं काम बहुतेक मुलींकडे असल्यामुळे या विषयात त्यांचा अभ्यास मुलांपेक्षा पुढचा असतो.

एका बाटलीला वर, मधे आणि खाली अशी तीन छिद्रं पाडायची आणि पाणी भरायचं. सर्वांत खालची धार सर्वांत जोरात निघते. हे सगळ्यांना पटतं. मग मी विचारते, मोठ्या ड्रमात आणि बारीक उभ्या पाइपात सारख्याच उंचीपर्यंत पाणी भरलं आणि दोन्हींना तळाशी सारखंच छिद्र पाडलं, तर धार कुठे जोरात येईल? वर्ग एका आवाजात ओरडतो, “ड्रम में, टीचर! पानी ज्यादा है ना!” करून पाहिल्यावर सुरुवातीला दोन्ही धारा सारख्याच निघतात. पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते किती खोल आहे यावर ठरतो. ही एक गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला आख्खा तास लागतो. तो तास वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

कारण ही गोष्ट इथे फक्त परीक्षेची नाही. २ जुलै २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मालाड पूर्वेला पिंपरीपाडा-आंबेडकर नगर भागात टेकडीवरच्या जलाशयाच्या आवाराची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत सुमारे ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. तीसच्या आसपास माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. भिंतीमागे पावसाचं पाणी साठलं होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांतून आलं. नंतर वर्गात एका मुलीने विचारलं, “टीचर, पानी तो नरम होता है. उससे दीवार कैसे गिरेगी?”

या प्रश्नाचं उत्तर आठवीच्या गणितात मावतं. फळ्यावर मी एक मीटर रुंदीचा भिंतीचा पट्टा काढते. मागे एक मीटर उंच पाणी असेल, तर तळाशी दर चौरस मीटरवर हजार किलो वजनाइतका दाब पडतो. वर तो शून्य असतो, म्हणून सरासरी पाचशे. पूर्ण पट्ट्यावर ढकलणारं बल पाचशे किलो वजनाइतकं. आता पाणी दोन मीटर करा. सरासरी दाब दुप्पट, पट्ट्याची उंचीही दुप्पट. बल दोन हजार. चार मीटरला आठ हजार. पाणी दुप्पट चढलं की धक्का चौपट होतो.

आणि ड्रम-पाइपचा धडा इथे पुन्हा येतो. भिंतीमागे आख्खा तलाव असो, नाहीतर भिंत आणि माती यांच्यामधे हातभर जागेत साचलेलं पाणी असो, उंची सारखी असेल तर भिंतीवरचा दाब सारखाच. “थोडंसं तर पाणी आहे” असं म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळे. माती चिंब होते तेव्हा मातीचा रेटा आणि पाण्याचा दाब दोन्ही मिळून भिंतीवर येतात.

म्हणूनच उतारावरच्या भिंतीला ओळीने छिद्रं ठेवलेली असतात, किंवा पाइपाचे तुकडे बसवलेले असतात. मुलांना ती उंदरांची बिळं वाटत. ती पाणी बाहेर पडायची वाट असते. पाणी बाहेर गेलं की त्याची उंची उतरते आणि दाबही उतरतो. प्लास्टिक, सिमेंट किंवा गवताने ती बुजली की भिंतीमागे पाणी चढू लागतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी मुलांना सांगते, मोठ्या पावसात सगळीकडे पाणी असून छिद्रं कोरडी दिसली, तर ते चांगलं लक्षण समजू नका. भिंतीला पोट आलं, नवी चीर पडली किंवा ती कलली, तर आधी तिथून दूर व्हा, शेजाऱ्यांना उठवा, मग महापालिकेच्या १९१६ वर फोन करा.

गेल्या पावसाळ्यापूर्वी वर्गातल्या चार मुलींनी आपापल्या गल्लीतल्या भिंतींची छिद्रं मोजून आणली. एका भिंतीची निम्म्याहून जास्त बुजलेली होती. मी म्हटलं, वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहा, आणि मराठीत लिहा. उर्दू शाळेत मराठी विषय असतोच. तो गुणांसाठी शिकायचा, मग अर्जासाठी का नाही? त्यांनी लिहिलं, “या भिंतीवर पाण्याकडून दबाव येत आहे.” मी ‘दबाव’ खोडून ‘दाब’ केलं. मराठीत दबाव आणणं म्हणजे धाकात ठेवणं, साहेबांना वाटायचं कोणी भिंतीला धमकावतंय. मुली खूप हसल्या. पण दोन्ही शब्दांमधला फरक आता त्या आयुष्यभर विसरणार नाहीत, आणि अकरावीत ‘प्रेशर’ समोर आलं तर घाबरणारही नाहीत.

अर्ज गेला. पावसाळ्यात कोणत्या भिंतीच्या छिद्रांतून पाणी येतं आणि कोणत्या कोरड्या राहतात, ते पाहायचं काम त्यांनी आपसात वाटून घेतलं. शाळा सुटल्यावर छत्री घेऊन त्या भिंतीपासून चार पावलं लांब उभ्या राहत आणि वहीत लिहून आणत. लांब उभं राहायचं, ही त्यात माझी एकच अट होती.