एक इंचाचे तीन पाइप

दुकानात 'एक इंची पाइप' मागितला, की शेतीचा निघतो बाहेरून ३२ मिलिमीटर, घरकामाचा यूपीव्हीसी ३३.४ आणि गरम पाण्याचा सीपीव्हीसी २८.६. एकाचं टोक दुसऱ्याच्या सॉकेटात नीट बसत नाही. मग मिस्त्री ते तापवून फुगवतो, सोल्यूशन थापतो, मोकळा होतो.

शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांचं गाव. इथल्या दुकानातला माल मुळात वावरासाठी रचलेला, आणि वावरातून उरलेला चार किलो दाबाचा पाइप घराच्या भिंतीत जातो. "काहून खर्च वाढवून राह्यले भाऊ? पाणी तं दोन्हीतून जाते ना!" खरंय, जातं. भिंतीला ओल नंतर येते आणि तेव्हा ती फोडणारा मिस्त्री दुसराच असतो. नियम एकच असावा तो त्याच्यासाठी, आत काय आहे ते त्याला न फोडता कळावं म्हणून.

२ डिसेंबर २०२० ला राज्याने एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. मुंबई आणि आणखी काही भाग वगळता ती सगळीकडे लागू. तिच्यात नळकामाला राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ चा नववा भाग. संहिता १९७० पासून आहे, पण ती नुसती शिफारस. राज्याच्या नियमात आली तरच बंधन.

तरी सगळंच सरसकट मला पटत नाही. संहितेतला माणशी रोज १३५ लिटरचा हिशेब रोज नळ येणाऱ्या शहरात शोभतो. टाकी केवढी बांधायची हे पाणी किती दिवसांआड येतं त्यावर ठरावं, ते गावावर सोडा.

सूट नको ती एका जागी. घरात नळ आणि बोअर दोन्ही, मग मालक म्हणतो मधे एक व्हॉल्व्ह टाकून एकाच लाइनीला जोडा. व्हॉल्व्ह झिजला की बोअरची मोटर आपलं पाणी गावाच्या नळात ढकलते आणि शेजाऱ्याच्या माठात काय गेलं ते कुणालाच कळत नाही. दोन्ही पाइप टाकीत वरून, वेगवेगळे सोडायचे. तोंड पाण्याच्या पातळीच्या वर हवं. खर्च म्हणाल तर दोन-चार फूट पाइप. यावर मी वाद घालत नाही, काम सोडतो.

परवानगीच्या नकाशात खोल्या दिसतात, पाइप दिसत नाही. म्हणून माल उतरला की मालकालाच छाप वाचायला लावतो: पाण्याला आयएस ४९८५, संडासाला १३५९२, त्यातही 'बी' टाइप. 'ए' पावसाच्या पाण्याचा, पातळ आणि स्वस्त, आणि बिलावर दोन्ही नुसते 'चार इंची'.