कासरा आपल्या हाती : अटलांटा ते मेम्फिस



अमेरिकेला जायचे म्हटले की सहल कंपन्यांची रंगीत पत्रके घरात येऊन पडतात. त्यात नायगरा असतो, लास व्हेगास असते, डिस्नेलँड असते. आमची मुलगी अटलांटा शहरात नोकरीला आहे. तिच्याकडे जाण्याचे ठरले तेव्हा आम्हीही ही पत्रके चाळली. पण माँटगोमेरी, सेल्मा, मेम्फिस ही नावे आमच्या हाती आलेल्या एकाही पत्रकात नव्हती. ज्या रस्त्यांवर तिथल्या कृष्णवर्णीय बांधवांनी आपले माणूसपण मिळवले, ते रस्ते सहलीच्या बसला नको आहेत, असे दिसते. मग आम्ही ठरवले, भाड्याची मोटार घ्यायची आणि आपणच चालवत जायचे. आम्ही नवरा-बायको, आमची आक्का आणि मुलगी असे चौघे जण. आमच्यापैकी एकाने ३१ वर्षे एस. टी. चालवली आहे, तेव्हा स्टिअरिंग धरणारा माणूस घरचाच आहे.

शेजारी विचारतात, परमुलखात जाऊन स्वतः गाडी चालवण्याचा हट्ट कशाला? त्याचे उत्तर आमच्याच सातारा जिल्ह्यात, मसूर स्टेशनवर आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपात छापल्या. त्यातली पहिलीच आठवण प्रवासाची आहे. १९०१ च्या सुमारास लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावी निघाला होता. मुले मसूरला उतरली. जात कळताच स्टेशन मास्तरांचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. सोबत खायला होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. म्हणून मुले रात्रभर उपाशी राहिली.

पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच घडले. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारी समितीचे सभासद होते. तरी टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला. वस्तीतल्या ज्या बांधवाने टांगा हाकायला घेतला त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कासरा हाती नसला की काय होते आणि हाती येऊनही शिकवण नसली की काय होते, ही दोन्ही दुःखे आपल्या समाजाने भोगली आहेत. म्हणून या प्रवासाची आखणी आम्ही मन लावून करीत आहोत.

तिकडची वाट

अमेरिकेत बैलगाडीच्या जागी मोटार होती. कृष्णवर्णीय माणसाने मोटार विकत घेतली तरी त्याला वाटेत जेवण, मुक्कामाला खोली, कधी कधी पेट्रोलसुद्धा मिळत नसे. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचेच नाही, असा दंडक होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली यावर एक उपाय काढला. कोणत्या गावात कोणते घर, कोणते हॉटेल, कोणते गॅरेज आपल्या माणसाला दार उघडते, याची यादी त्यांनी छापली. तीच ‘ग्रीन बुक’. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. या पुस्तकाची गरजच उरणार नाही असा दिवस येवो, अशी आशा त्या पुस्तकातच छापलेली असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले सर्वांना खुली झाली आणि पुस्तक बंद पडले. पुस्तक बंद पडल्याचा आनंद व्हावा, असा हा एक विरळाच प्रसंग.

आमची आखणी

आम्ही ३० मार्चला निघून ५ एप्रिलला परतणार. हवा तेव्हा बरी असते. उन्हाळ्यात तिकडे घामाच्या धारा लागतात. वसंतात अलाबामा राज्यात चक्रीवादळे होतात, म्हणून रोज हवामानाची खबर ऐकून मगच निघायचे. सगळा फेरा सुमारे ९३५ मैलांचा, म्हणजे १,५०० किलोमीटरचा आहे.

पहिला दिवस अटलांटात. ऑबर्न ॲव्हेन्यू या एकाच रस्त्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर, त्यांचे एबेनेझर चर्च आणि समाधी आहे. किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग आधी दचकले. मग विचार करून त्यांनी मनाशी कबूल केले, की होय, मी अस्पृश्यच आहे. ही हकिकत त्यांनी ४ जुलै १९६५ रोजी याच एबेनेझर चर्चच्या प्रवचनात सांगितली. याच शहरातल्या अटलांटा विद्यापीठात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अनेक वर्षे शिकवले. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले आणि त्यांनी त्याच वर्षी उत्तर पाठवले. दोन समाजांची ओळख अशी जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी माँटगोमेरी, १६० मैल. वाटेत टस्कीगी लागते. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली उभी केलेली संस्था ती हीच. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्या मुलांना हे गाव पाठच असेल. शेंगदाण्याचे शास्त्रज्ञ कार्व्हर १८९६ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राबले. जॉर्जियातून अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे करायचे.

माँटगोमेरीत दोन मुक्काम ठेवले आहेत. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने येथे बसमधली जागा सोडायला नकार दिला. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी तेच केले. दोघींनाही अटक झाली. ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी शहर बसवर बहिष्कार घातला, तो ३८१ दिवस चालला. माणसे मैलोगणती पायी चालली. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच दहा सेंट भाडे घेतले. ते बंद पाडल्यावर सुमारे ३०० खाजगी गाड्या लोकांची ने-आण करू लागल्या. धुणीभांडी करणाऱ्या बायांना नेण्यासाठी थांबे ठरले, वेळा ठरल्या. पोलीस गाडीवाल्यांना हरतऱ्हेने छळत. खुद्द किंग यांना जानेवारी १९५६ मध्ये अटक झाली ती २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गाडी चालवल्याच्या आरोपावरून. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले. तरी गाड्या थांबल्या नाहीत.

आता तारखा पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा माँटगोमेरीच्या बहिष्काराचा अकरावा महिना चालू होता. १३ नोव्हेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २१ डिसेंबरला काळी माणसे बसमध्ये पुढच्या बाकावर बसली. दोन खंडांत दोन समाज एकाच हिवाळ्यात उठून उभे राहत होते.

याच शहरात २०१८ साली जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचे स्मारक उघडले. ८०० हून अधिक पोलादी स्तंभ, प्रत्येक जिल्ह्याचा एक. त्यांवर ४,४०० हून अधिक बळींची नोंद आहे. आक्काने हे ऐकून विचारले, “खैरलांजीचा खांब कुठे आहे?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

चौथ्या दिवशी हायवे क्रमांक ८० धरून सेल्मा, ५४ मैल. या अंतरासाठी आम्ही पूर्ण दिवस राखला आहे. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या लोकांना सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी लाठ्यांनी झोडपले. २१ मार्चला ते पुन्हा निघाले आणि २५ तारखेला पायी माँटगोमेरीला पोहोचले. त्या रात्री व्हायोला लिउझो नावाची पाच मुलांची गोरी आई मोर्चेकऱ्यांना आपल्या गाडीतून ने-आण करीत होती. याच रस्त्यावर वंशद्वेष्ट्यांनी तिला गाडी चालवतानाच गोळ्या घातल्या. रस्त्याकडेला तिचा स्मृतिस्तंभ आहे. तेथे गाडी थांबवून आम्ही उभे राहणार.

ही वाट लाउंड्स काउंटीतून जाते. या जिल्ह्यात काळ्यांची वस्ती दहांत आठ होती, पण १९६५ च्या आरंभी मतदार यादीत त्यांचे एकही नाव नव्हते. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले आणि त्यांनी रस्त्याकडेला तंबू ठोकून दिवस काढले. गावकीचा बहिष्कार सोसलेल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. या लोकांनी आपला पक्ष काढला, त्याची निशाणी होती काळा चित्ता. तीच निशाणी १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाने घेतली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्या पँथरची पाऊलखूण अशी एका शेतवस्तीच्या जिल्ह्यापर्यंत मागे जाते.

पाचव्या दिवशी ९० मैलांवरचे बर्मिंगहॅम. तिथल्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. सहाव्या दिवशी, ४ एप्रिलला, २४० मैलांवरचे मेम्फिस.

कागद आणि कायदे

ज्यांना पुढेमागे जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. आर. टी. ओ.त नमुना ४-अ भरून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत हवेच. गाडी भाड्याने घेताना चालवणाऱ्याच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. दुसऱ्याच्या अंगावर नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा घ्यावा, तिथे पैसे वाचवू नयेत. दुसरा चालक असल्यास त्याचे नाव करारात आधीच घालावे.

तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि वाहतूक उजव्या हाताने. पेट्रोलला गॅस म्हणतात, तो गॅलनवर मिळतो. तिथला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. मोठ्या हायवेवर गावाबाहेर ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. चौकात चारही बाजूंना थांबा अशी पाटी असेल तर जो आधी आला तो आधी जातो. शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की मागच्या गाड्या थांबतात आणि साध्या रस्त्यावर समोरच्याही. पोलिसाने थांबवले तर गाडी उजवीकडे घेऊन आतच बसावे, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत, सांगितल्याशिवाय खिशात किंवा खणात हात घालू नये. काही संग्रहालये सोमवारी-मंगळवारी बंद असतात, ते आधी विचारून घ्यावे.

आमचे एस. टी.चे चालक म्हणाले, “एकतीस वर्षांची सवय डावीकडून जायची. ती मोडायला चार दिवस तरी द्या.” म्हणून पहिले काही दिवस अटलांटाच्या मोकळ्या वाहनतळावर आणि मुलीच्या गल्लीतच सराव होईल. रात्री गाडी चालवायची नाही, हे सर्वानुमते ठरले आहे. चाळीसगावचा टांगा आम्ही विसरलेलो नाही.

आक्काचा प्रश्न

सगळी आखणी ऐकून आक्का म्हणाली, “एवढा पैसा घालून दुसऱ्याचं दुःखच बघायला जायचं का?”

रास्त प्रश्न आहे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगी तिकडून फोनवर बोलली, “आक्का, सेल्माचा मोर्चा निघाला त्याच वर्षी, १९६५ च्या ३ ऑक्टोबरला, इथे नवा कायदा झाला. त्यानं वंश बघून माणसं घेण्याची जुनी पद्धत मोडली. नागरी हक्कांच्या चळवळीमुळंच ते होऊ शकलं. माझ्या व्हिसाची वाट त्यांनीच मोकळी केली. त्यांचे आभार मानायला नको का?”

आक्का गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मेम्फिसला काय आहे म्हणालीस?”

मेम्फिसला लोरेन मोटेल आहे. एका कृष्णवर्णीय कुटुंबाचे हे मोटेल ‘ग्रीन बुक’च्या यादीत होते. ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच्या सज्जात किंग यांना गोळी घातली. ते त्या गावी आले होते सफाई कामगारांसाठी. १ फेब्रुवारीला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा घ्यायला कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि आतल्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या हातातल्या फलकावर मागणीचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिले होते. किंग गेल्यावर बारा दिवसांनी नगरपालिकेने युनियनला मान्यता दिली.

आक्काने सफाई खात्यात सव्वीस वर्षे झाडू मारला आहे. ती म्हणाली, “मग मी येते. त्या दोघांसाठी मेणबत्ती घ्या.”

आता कागद तयार होत आहेत. ज्यांना इतक्या लांब जाणे परवडत नाही त्यांनी कर्ज काढून मुळीच जाऊ नये. मसूर आहे, चाळीसगाव आहे, महाड आहे. एस. टी.चे तिकीट काढून मुलांना तेथे न्यावे आणि त्या बैलगाडीची हकिकत त्याच जागी सांगावी. आम्हीही निघण्यापूर्वी एका रविवारी मसूरहून गोरेगावला जाणार आहोत. गाडी आम्हीच चालवू. आणि पाण्याचा मोठा कॅन भरून घेऊ, वाटेत कोणीही मागितले तरी देण्यासाठी.

जयभीम! नमो बुद्धाय!