पंचेचाळीस अक्षरांचा शब्द

मुळशी तालुक्यातील मारुंजी गावी सातवीत शिकणारा एक मुलगा होता. शाळेच्या संमेलनात इंग्रजीतील एक अतिशय लांब शब्द म्हणून दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले. फळ्यावरील ती ४५ अक्षरांची रांग पाहताच त्याची छाती दडपली.

गुरुजी म्हणाले, "सामासिक शब्दाचा विग्रह करतोस ना? तसाच हाही फोड." त्यांनी खडूने रेघा ओढल्या : न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय-क्रो-स्कॉ-पिक, सि-लि-को, व्हॉल्-कॅ-नो, को-नि-ओ-सिस. उच्चाराचे तुकडे भरले अवघे १९! आरंभीचा 'पी' लिहायचा, पण उच्चारायचा नाही. आणि शेवटच्या 'ओ'वर जोर द्यायचा, एवढेच पथ्य.

प्रत्येक तुकड्याला अर्थही होता. न्यूमोनो म्हणजे फुफ्फुस, अल्ट्रामायक्रोस्कॉपिक म्हणजे सूक्ष्माहूनही सूक्ष्म, सिलिको म्हणजे वाळूतील सिलिका, व्हॉल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, कोनि म्हणजे धूळ आणि ओसिस म्हणजे विकार. अमेरिकेतील कोडी रचणाऱ्यांच्या संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली हा शब्द केवळ गंमत म्हणून घडवला होता.

संध्याकाळी मुलाने तो शब्द आजोबांना एका दमात म्हणून दाखवला. आजोबांची उमेदीची वर्षे पिंपरी-चिंचवडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे करण्यात गेली होती. ते कौतुकाने म्हणाले, "वा! पण बाळ, याचा अर्थ काय रे?"

"सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात साठून होणारा..." मुलगा मध्येच थांबला.

"म्हणजे माझा खोकलाच की!" आजोबा हसले, आणि हसता हसताच त्यांना उबळ आली.

डॉक्टर त्यांच्या आजाराला सिलिकोसिस म्हणत. या आजाराने फुफ्फुसाला झालेली इजा भरून येत नाही. म्हणून धूळ पाण्याने दाबून टाकणे, ती बाहेर ओढून घेणारी यंत्रे बसवणे आणि तोंडानाकावर योग्य मुखवटा बांधणे, हाच खरा उपाय.

संमेलनाच्या दिवशी मुलाने तो शब्द घाई न करता, एकेक तुकडा स्पष्ट उच्चारत म्हटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण तो लगेच खाली बसला नाही. टाळ्या थांबेपर्यंत उभा राहून त्याने शब्दाचा अर्थ सांगितला. सभागृह शांत झाले. त्या शांततेत मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या माणसाचा खोकला तेवढा ऐकू आला.