वाचकांचे शानभाग

दुकानदार म्हटला की तराजू, गल्ला आणि नफातोटा हीच चित्रे मनापुढे उभी राहतात. पण एखादा दुकानदार असाही असतो, की त्याच्या निधनाने गिऱ्हाइकांना घरचे वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटते. मुंबईचे पुस्तकविक्रेते टी. एन. शानभाग हे अशांपैकी एक. फेब्रुवारी २००९ मध्ये ते वारले, तेव्हा असंख्य वाचक हळहळले.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट सांगतात. पुस्तकांचे त्यांना विलक्षण वेड. खिसा मात्र रिकामा. एकदा एका दुकानात शिरून ते पुस्तक चाळू लागले, तेव्हा तेथील माणसाने त्यांना बाहेरची वाट दाखविली. अपमान कोणालाही झोंबतोच. कोणी तो मुकाट्याने गिळतो, तर कोणी मनात वैर धरतो. शानभागांनी तिसराच मार्ग धरला. जेथे कोणाही वाचकाला पुस्तक हाती घेऊन मनसोक्त पाहता येईल, असे दुकान काढण्याचा त्यांनी निश्चय केला.

१९४८ साली तो निश्चय फळाला आला. कुलाब्यातील स्ट्रँड चित्रपटगृहात त्यांनी पुस्तकांची लहानशी मांडणी थाटली. चित्रपटगृहाचेच नाव दुकानाला मिळाले : स्ट्रँड बुक स्टॉल. भांडवल अवघे साडेचारशे रुपयांचे! पुढे हे दुकान फोर्ट भागात, सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर गेले. जागा तशी बेताचीच. पण आत पाऊल टाकावे तो चहूकडे ग्रंथच ग्रंथ. मोठे वकील, शास्त्रज्ञ आणि उद्योगपती तेथे येत. महिन्याचे पैसे मोजून खर्चणारा विद्यार्थीही येई. पुस्तक हाती घेतले म्हणून तेथे कोणी डोळे वटारीत नसे.

शानभागांनी आणखी एक रीत पाडली. छापील किमतीवर ते वाचकाला शेकडा २० सूट देत. दहा रुपयांचे पुस्तक आठ रुपयांना मिळे. हे त्यांना कसे परवडे? प्रकाशक विक्रेत्याला पुस्तक छापील किमतीहून कमी दराने देतो; मधला फरक ही विक्रेत्याची कमाई. या कमाईतला मोठा वाटा शानभाग वाचकाच्या पदरात टाकीत. एका पुस्तकामागे नफा थोडा सुटे. पण पुस्तके पुष्कळ खपत आणि आलेला वाचक पुन्हा पुन्हा येई. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई सभागृहात त्यांचे ग्रंथप्रदर्शन भरे, तेव्हा तर पिशव्या भरभरून पुस्तके घरोघर जात.

कर्नाटकात पूर्वी गावचा हिशेब लिहिणाऱ्याला ‘शानभोग’ म्हणत. या शानभागांनी वाचकांच्या आवडीनिवडींचा हिशेब ठेवला. कोणाला इतिहास रुचतो, कोणाला विज्ञान, हे ध्यानात धरून ते नेमके पुस्तक पुढे करीत. ज्याला आपण विकतो ते स्वतःला ठाऊक असले पाहिजे, हा त्यांचा व्यापारधर्म होता. २००३ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. पुस्तके लिहिणाऱ्यांना असे मान मिळतात. पुस्तके विकणाऱ्याला तो मिळावा, ही गोष्ट विरळाच.

त्यांच्यामागे दुकान नऊ वर्षे चालले. तोवर काळ पालटला होता. ज्या सवलतीचे १९४८ साली नवल वाटे, ती आता इंटरनेटवरून घरबसल्या मिळू लागली होती. गिऱ्हाइके ओसरली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान कायमचे बंद झाले. अखेरच्या दिवसांत मात्र तेथे पुन्हा गर्दी लोटली. कोणी पुस्तके घेण्यास आले होते, कोणी केवळ निरोप देण्यास.

हीच गर्दी आधी का झाली नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. आवडत्या जागा आपोआप टिकतात, अशी माणसाची समजूत असते. पण त्यांनाही जपावे लागते.

आज फोर्टमधल्या त्या रस्त्यावर स्ट्रँडची पाटी नाही. पण तेथून नेलेली पुस्तके अजून कित्येक घरांच्या फडताळांत उभी आहेत. बाहेर काढलेल्या एका मुलाने हजारोंना आत बोलाविले, याची ती पुस्तके साक्ष देतात.