परवाना माणसाचा, बंदूक घराण्याची

१/ शस्त्रांचा इतिहास म्हटला की आपण लढाया, किल्ले आणि सिलेखाने यांविषयी बोलतो. मित्रहो, आजच्या धाग्यात जरा वेगळा प्रश्न घेऊ. राज्ये बुडाल्यावर जी शस्त्रे साध्या घरांत उरली, त्यांचे कायद्याने काय केले? आणि ती जपणाऱ्या माणसांच्या वाट्याला काय आले? यात थोडा इतिहास आहे, काही कलमे आहेत आणि माझ्या आजोळची एक हकीकत आहे.

२/ प्रारंभ १८५७ च्या धामधुमीपासून करावा लागतो. कंपनी सरकारने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागात शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो मानला नाही आणि उठाव केला. १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांनी बंड केले. दत्तकाची नामंजुरी हे त्यामागील एक कारण. तोफा आणि दारूगोळा काढून घेण्याचा प्रयत्न हे दुसरे.

३/ दूर दक्षिणेत आणखी एक मराठी सिलेखाना होता, तंजावरच्या भोसल्यांचा. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले, पुरुष वारस नाही म्हणून राज्य खालसा झाले. १८६० च्या दशकात तेथील शस्त्रांची निवड झाली. नक्षीदार, देखणी शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयाकडे गेली. उरलेल्यांचा ढीग मोडून भंगाराच्या भावाने विकला गेला. हा निकष लक्षात ठेवा: देखणे ते ठेवावे, साधे ते मोडावे. पुढे तो पुन्हा भेटेल.

४/ १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र अधिनियम आला. देशी वृत्तपत्रांवरील निर्बंधांचा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. युरोपीय लोकांना मात्र सवलत राहिली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बंदूक खुंटीला होती, त्या घराला आता ती ठेवण्यासाठी साहेबाची अनुमती लागू लागली.

५/ या अपमानाची बोच राष्ट्रीय चळवळीत दीर्घकाळ टिकली. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने जे मूलभूत हक्क मांडले, त्यांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामथ यांनी तो घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. मला वाटते, फाळणीच्या जखमा ओल्या असताना दुसरा निर्णय होणे कठीणच होते.

६/ स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. संग्राहकाच्या दृष्टीने त्यातील ४५ वे कलम महत्त्वाचे. जुन्या घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र या कायद्यातून वगळले आहे. पण अट अशी की ते दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरताच येऊ नये.

७/ या अटीचा अर्थ संग्राहकाला फार लवकर कळतो. साध्या ठासणीच्या बंदुकीत मोडण्यासारखे असते तरी काय? एक लोखंडी नळी, एक घोडा, एक चाप. ती दीडशे वर्षांनंतरही दुरुस्त होऊ शकते. तिला सवलतीत बसवायचे तर नळीला भोक पाडावे लागते किंवा ती सांधून बुजवावी लागते. वस्तू वाचवण्यासाठी आधी तिची हत्या करावी लागते.

८/ आता आजोळाकडे येतो. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात शाळामास्तर होते. शिकारीचा नाद त्यांना कधीच नव्हता. नाद होता तो जुन्या बंदुका पाहण्याचा आणि टिपून ठेवण्याचा. कोणाच्या माळ्यावर ठासणीची बंदूक आहे असे कळले की ते सुट्टीच्या दिवशी तिथे जात, टेप लावून नळी मोजत, दस्त्यावरील खुणा कागदावर उतरवून घेत आणि घरी येऊन शाईने वहीत लिहीत.

९/ त्यांच्या स्वतःच्या परवान्यावर तीन बंदुका होत्या. पहिली खापरपणजोबांपासून आलेली केपाची. दुसरी बारा बोअरची दुनळी, रानडुकरे आणि वानरे हाकलण्यासाठी घेतलेली. तिसरी शेजारच्या वाडीतील मित्राची. मित्र वारले, मुले मुंबईला स्थायिक. बंदूक भंगारात जाणार होती. मित्राच्या पत्नीने आजोबांना सांगितले, “भाऊजी, तुम्ही ठेवा. यांचा जीव होता तिच्यात.” आजोबांनी रीतसर कागद करून ती आपल्या परवान्यावर घेतली.

१०/ त्या तिसऱ्या बंदुकीचे वहीतील टिपण मी तुमच्यासाठी थोडक्यात देतो. नळी ४१ इंच, मुळाशी अष्टकोनी, पुढे गोल. दस्ता शिसवीचा, मानेशी तडा, त्यावर तांब्याच्या तारेचे अकरा वेढे. रंजकाचे जुने भोक पितळेने बुजवलेले आणि त्याशेजारी केप बसवण्याची छोटी नळी मागाहून जोडलेली. कारखान्याचा ठसा कोठेही नाही.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे चार ओळींचे टिपण पुरे आहे. रंजकाचे भोक बुजवलेले, म्हणजे बंदूक मुळात तोड्याची होती. एकोणिसाव्या शतकात केपा सर्रास मिळू लागल्यावर कोणा गावठी लोहाराने तिला नवी कळ बसवली. नळीचे वय एक, कळीचे दुसरे आणि तारेच्या वेढ्यांचे तिसरे. एकाच वस्तूत तीन पिढ्यांचे तंत्रज्ञान आणि एका अनाम कारागिराची हुशारी.

१२/ परवान्यावर शस्त्रे किती असावीत, यावर १९८३ च्या दुरुस्तीने मर्यादा घातली: जास्तीत जास्त तीन. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच होती. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा. ज्यांच्याकडे तीन, त्यांनी कोणतीही दोन ठेवावीत आणि तिसरे १३ डिसेंबर २०२० पर्यंत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे ठरले.

१३/ वाचायला हे किती सोपे वाटते! आजोबा तेव्हा ८१ वर्षांचे होते. टाळेबंदीचे दिवस, पडवीत तिन्ही बंदुका सतरंजीवर मांडलेल्या. दुनळी द्यावी तर भाताचे रक्षण कशाने करायचे, आणि परवान्यावर कारणच मुळी ‘पीक संरक्षण’ असे लिहिलेले. खापरपणजोबांची द्यावी तर पूर्वजांना काय सांगायचे? मित्राची द्यावी तर दिलेल्या शब्दाचे काय? ते मला म्हणाले, “तू इतिहास शिकलास ना? मग सांग, यातली कोणती कमी जुनी आहे?”

१४/ एक वाट होती. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल केला. पुरातन, ‘क्युरिओ’ या वर्गातील लहान शस्त्रे केवळ जवळ बाळगण्यासाठी परवाना लागणार नाही, असे जाहीर झाले. वापरायची वा वाहून न्यायची तर मात्र लागेल. संग्राहकांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. आम्ही तोच कागद घेऊन कचेरीत गेलो. तेथे वयाचा पुरावा मागण्यात आला. बंदुकीच्या वयाचा.

१५/ येथे तंजावरचा तो जुना निकष मला पुन्हा भेटला. विलायती कारखान्यात घडलेल्या बंदुकीवर निर्मात्याचे नाव असते, परीक्षणगृहाचा शिक्का असतो. त्यावरून तिचे वय सिद्ध होते. आमच्या लोहाराने शिक्का मारला नव्हता. त्यामुळे साहेबाची बंदूक पुरातन ठरू शकते आणि गावची बंदूक केवळ जुनी ठरते. जिच्याविषयी लिखित साधने सर्वांत कमी आहेत, तिच्याकडेच कागद मागितला जातो.

१६/ मित्राची बंदूक जमा झाली. पावतीवर एकच ओळ होती: ‘जुनी एकनळी ठासणीची बंदूक, नग १.’ आजोबांनी पावती दोनदा वाचली आणि विचारले, “तारेचे वेढे लिहिले नाहीत?” कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, “आजोबा, एवढा रकानाच नाही हो.” घरी आल्यावर आजोबांनी मित्राच्या मुलाला ठाण्याला फोन करून झाले ते सांगितले. त्याला ती बंदूक नीट आठवतही नव्हती. “ठीक आहे काका, तुम्ही त्रास करून घेऊ नका,” एवढेच तो बोलला. तो गेल्यावर्षीच्या पावसाविषयी बोलू लागला तेव्हा आजोबांनी फोन माझ्या हाती दिला.

१७/ दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी कोणाच्या तरी मुलाला लागते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारासाठी स्वतंत्र शिक्षा ठरवली, हे योग्यच झाले. भाऊबंदकीत घरातल्याच बंदुकीने खून पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. बंदूक ही पैठणी किंवा समई यांसारखी निरुपद्रवी वारसावस्तू नाही. कायदा कडक असावा, याविषयी आजोबांचेही दुमत नव्हते. सुट्टीत आम्ही नातवंडे आलो की दुनळीची काडतुसे कुलपात जात आणि किल्ली त्यांच्या जानव्याला.

१८/ तरीही कडक कायद्याला वारसा ओळखता येतो, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकातच आहे. कोडगूचे कोडव लोक आणि तेथील ‘जम्मा’ जमिनीचे धारक यांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वैध ठरवली. त्यांच्या कैलपोळ्द या सणाला बंदुकीची पूजा होते, जशी आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची. तशीच सूट सर्वांना द्यावी, असे मी म्हणणार नाही. परंतु जमा होणारी वस्तू मोडण्यापूर्वी कोणा जाणकाराने तिच्याकडे एकदा पाहावे, छायाचित्र घ्यावे, मापे लिहावीत, एवढे तरी अशक्य नाही. पावतीत एक रकाना वाढवावा लागेल.

१९/ २०२३ मध्ये आजोबा गेले. परवाना माणसाचा असतो. माणसाबरोबर तो संपतो. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. आजोबांनी तसा अर्ज आईच्या नावे केला होता; मामांची आणि मावशीची ना-हरकतही जोडली होती. त्यामुळे खापरपणजोबांची बंदूक घरात राहिली. दुनळी विक्रेत्यामार्फत विकली. ज्या घरांत असा अर्ज वेळेत होत नाही, तेथे तेराव्यानंतर शस्त्र जमा होते. ठरलेल्या मुदतीत कोणी सोडवून नेले नाही, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होते. कित्येक घरे तर भीतीपोटी रात्रीच बंदूक विहिरीत टाकून मोकळी होतात.

२०/ तुमच्या घरात असे काही असेल तर लपवू नका. विनापरवाना बंदूक बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. परवाना असेल तर वारसाचा अर्ज आजच करा. जमा करावीच लागली तर त्याआधी तीन गोष्टी करा. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या. नळीची लांबी, दस्त्याचे लाकूड, ठसे आणि दुरुस्तीच्या खुणा लिहा. आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा की ही आली कोठून.

२१/ आजोबांच्या वहीत ३७ बंदुकांच्या नोंदी आहेत. एक आमच्या घरात आहे. उरलेल्या ३६ चा माग मी गेल्या वर्षापासून काढतो आहे. आजवर अकरा घरी जाऊन आलो. चार बंदुका अजून परवान्यावर आहेत, पाच जमा झाल्या, दोन घरांत आता कोणी राहत नाही. पुढच्या सुट्टीत राजापूरकडच्या नोंदी घेणार आहे.