दिवस मोजणारा देश

कोकणातल्या मुस्लिम घरांत इकामा हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो. कुवैतला कफील आणि नोकरी असेपर्यंत मुक्काम. तीस वर्षे राहिलो तरी नागरिक होण्याची आशा नाही. तिथून आम्ही कॅनडात, ओंटारिओ सरोवराकाठच्या मिसिसागा शहरात आलो, तेव्हा दिवसांची किंमत कळली.

इथले पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा हक्क, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस देशात राहावे लागते. नागरिकत्वाला १,०९५ दिवस लागतात. बाहेर घालवलेले दिवस सहसा त्यात धरत नाहीत. म्हणून गावी लग्न निघाले की आम्ही तिकिटाआधी हिशोबाची वही काढायचो. मयतीची खबर आली की मात्र वही मिटवून निघायचो.

पुढे कराची विवरणपत्रे, इंग्रजी किंवा फ्रेंच येत असल्याचा पुरावा आणि १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांना २० प्रश्नांची परीक्षा. १५ उत्तरे बरोबर हवीत. शेवटी शपथविधी. तिथे आपला कुरआन शरीफ सोबत नेता येतो.

पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. ओसीआय कार्डावर ये-जा आयुष्यभर करता येते. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही.

आमच्या मोठ्या मुलांनी शपथ घेतली. आम्ही दोघे पीआरवरच राहिलो. अर्ज भरण्याआधी हे सारे घरात बसून बोलावे. सगळ्यांचा निर्णय एकच असला पाहिजे असे नाही.